वरच्या फळीवरचे उंदीर

आमच्या दाजींनी उंदरांची जेवढी विचारपूस केली तेवढी माणसांची केली असती, तर ते एखाद्या निवडणुकीत सहज निवडून आले असते. हे मत माझं नाही, माझ्या थोरल्या बहिणीचं आहे, आणि ती दाजींची बायको असल्यामुळे तिला ते बाळगायचा अधिकार आहे. मी नुसता मेहुणा. त्यातून दाजी ज्या संशोधन संस्थेत होते तिच्याच ग्रंथालयात मी नोकरीला. कामावर दाजींचं ऐकायचं आणि सुट्टीच्या दिवशी ताईचं. दोघांपुढेही मान डोलावून मी माझी नोकरी आणि नातं, दोन्ही सुरळीत पार पाडली.

दाजींचा विषय म्हणजे उंदराच्या डीएनएमधला एक पट्टा. डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली लांबच लांब पट्टी असते, तिच्यावर अधूनमधून जनुकं असतात, आणि त्या जनुकांवरून शरीर आपली प्रथिनं बनवतं, एवढं आता शाळकरी पोरंही सांगतात. पोरं सांगत नाहीत ते हे की जनुकं फार थोडी. बाकी सगळी मोकळी जागा. दाजींचा पट्टा तसाच होता. या टोकाला एक जनुक, त्या टोकाला दुसरं, मधे सगळं ओसाड. प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘माळ’ म्हणत. या माळाचं शरीरात काम काय, हे दाजींना शोधून काढायचं होतं. त्याला काही कामच नसेल, ही शंका त्यांना शिवली नव्हती. सरळ माणूस.

तरुण असताना त्यांना एक गोष्ट दिसली. जनुकांवरून जशा आरएनएच्या नकला निघतात, तशा या माळावरूनही निघतात. फार नाही, थोड्याशा, पण निघतात. “माळ बोलतो!” असं दाजींनी जाहीर केलं, आणि त्या दोन शब्दांवर त्यांचं नाव झालं. जे बोलतं त्याला काहीतरी सांगायचं असणार, अशी त्यांची श्रद्धा. संस्थेच्या बैठकांना ते कधी बसत नसत, नाहीतर ही श्रद्धा एक दुपारही टिकली नसती.

त्यांच्या खोलीसमोर कांदेसाहेबांची खोली. हे उत्क्रांतीवाले. खरं नाव काही वेगळंच होतं, पण कुठल्याही वादात ते कांदा काढत म्हणून हे नाव पडलं. “कांद्याच्या पेशीत माणसाच्या पाचपट डीएनए असतो,” ते म्हणत. “सगळाच जर कामाचा, तर कांदा तुझ्या पाचपट हुशार पाहिजे. तसा तो असेलही म्हणा. निदान त्याला बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी तरी येतं.”

दोघांमधल्या बोळात चहाचं यंत्र होतं. त्या यंत्रासमोर हा वाद इतकी वर्षं चालला की नवीन माणसाला वाटे, यंत्राचा आवाजच तसा आहे.

“हृदयाचं काम काय?” कांदेसाहेब विचारत.

“रक्त ढकलणं.”

“आणि धडधडणं?”

“तेही होतं.”

“होतं ना? तेवढंच तुझ्या माळाचं. धडधडतो. लेका, हृदय टिकलं ते रक्त ढकलतं म्हणून. धडधडीसाठी त्याला कुणी ठेवून घेतलेलं नाही.”

“पण डॉक्टर धडधड ऐकूनच निदान करतो.”

“वा! म्हणजे कोट्यवधी वर्षं उत्क्रांती डॉक्टरची वाट बघत बसली होती.”

दाजी घोट घेत आणि नवा मोर्चा काढत. “निसर्ग उगाच एवढा पसारा सांभाळणार नाही.”

“तू माझ्या घरचं जिन्याखालचं कपाट बघितलेलं नाहीस. कामाचं काय आणि बिनकामाचं काय, ओळख एकच. ते गेलं तर कुणाचं तरी वाईट होतं का? जिथे काम असतं तिथे निसर्ग एक अक्षर हलू देत नाही. हललं की तो जीव मागे पडतो. तुझ्या माळातली अक्षरं बघ. उंदरात एक, घुशीत दुसरी, सशात तिसरीच. कुणी विचारायला येत नाही. मग पडून का आहे? त्रास देत नाही म्हणून पडून आहे. माझ्या कपाटातही तेच कारण.”

दाजींना हे झोंबे. झोंबण्यासारखंच होतं. कारण त्यांचं सगळं आयुष्य त्या माळावर खर्ची पडलेलं. ताईने घरीच शिवणकाम काढलं होतं, शाळांचे गणवेश शिवायची. बाहेरच्या खोलीत मधोमध तिचं कापड कापायचं मोठं टेबल आणि वर लटकता झगझगीत दिवा. मुलगी त्या टेबलाखाली लहानाची मोठी झाली, शिकली, दूर नोकरीला गेली. या सगळ्यात दाजी कुठे होते? माळावर.

निवृत्ती जवळ आली तेव्हा संस्थेत एक बाई नव्याने लागल्या. डीएनए पाहिजे तिथे कापण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून त्या कात्रीवाल्या. दाजी त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, “माळ कापून टाक. अख्खा.”

“अख्खा, सर? उंदीर जन्मायच्या आधीच मेले तर?”

“तर मी आनंदाने पेढे वाटत सुटेन. काम आहे म्हणूनच मेले, असं होईल ना? आणि जगलेच, तर असे जगतील की कांद्याचं तोंड बंद होईल.”

म्हणजे दाजींनी सगळंच पणाला लावलं. बिनमाळाचे उंदीर आजारी निघाले तर आयुष्य कारणी लागलं. ठणठणीत निघाले तर इतकी वर्षं नुसती धडधड.

उंदीर जन्मले. ठणठणीत. नुसते ठणठणीत नव्हे, गुबगुबीत, आणि पोरं होण्याच्या बाबतीत तर अजिबात संकोच न करणारे.

दाजी रोज सकाळी त्यांना भेटायला जात. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नसे, म्हणून बिनमाळाच्या उंदरांचे पिंजरे त्यांनी वरच्या फळीवर, आपल्या डोळ्यांच्या उंचीला ठेवून घेतले. माळवाले साधे उंदीर खालच्या फळीवर. आपण आजाऱ्याला भेटायला जातो तेव्हा तो बरा दिसावा अशी आशा असते. दाजी उलट आशेने जात. “काय मंडळी, काही दुखतंय का?” असं विचारत. मंडळी मजेत चाकावर पळत असत. दाजींचा चेहरा पडे.

मग तपासण्या सुरू झाल्या. वजन केलं, पकड बघितली, थंडीत ठेवलं, उपाशी ठेवलं, वास देऊन बघितला, आवाज करून बघितला, पाण्यात पोहायला लावलं, भुलभुलैयात सोडलं. कशातच काही खोट निघेना. एवढी तपासणी माझी झाली असती तर ग्रंथालय बंद पडलं असतं.

“चालू ठेव,” कांदेसाहेब चहा घेता घेता म्हणाले. “इतकी दारं वाजवलीस की एखाद्या घरात कुणीतरी खोकणारच.”

आणि खोकलं. एका मोठ्या रिकाम्या पेटीत उंदराला एकटं सोडायचं आणि तो कुठून चालतो ते बघायचं, अशी एक तपासणी असते. धीट उंदीर पेटीच्या मधून फिरतो, भित्रा भिंतीला चिकटून. माळवाले उंदीर आरामात मधून हिंडले. बिनमाळाचे मात्र कडेकडेने, भिंतीला अंग घासत. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच.

दाजी धावत ग्रंथालयात आले. गुडघे विसरून. शांतता राखा अशी पाटी होती तिच्याखाली उभं राहून ओरडले, “सापडलं! माळ धीर देतो रे! माळ नसला की जीव भितो!” आणि त्यांनी मला मिठी मारली. आमच्या पूर्ण नात्यातली ती पहिलीच. लग्नातसुद्धा त्यांनी मला नमस्कारावर भागवलं होतं.

संचालकबाईंना तर काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी दाजींचं निरोपाचं व्याख्यान ठरवलं, वार्ताहर बोलावले आणि प्रवेशदाराशी मोठा फलक लावून घेतला: ‘धैर्याचा माळ’. खाली उंदराचं चित्र. चित्रातला उंदीर छाती काढून उभा होता. उंदराला छाती काढता येते की नाही, हा प्रश्न संस्थेतल्या कुठल्याच शास्त्रज्ञाला पडला नाही.

व्याख्यानाच्या आदल्या दुपारी दाजी माझ्याकडे ग्रंथालयात कोपऱ्यात भाषणाची तयारी करत बसले होते. कात्रीवाल्या आल्या. उभ्याच राहिल्या.

“सर, मी फळ्या बदलून बघितल्या.”

“कसल्या फळ्या?”

“उंदरांच्या. नवी पिल्लं आल्यावर यावेळी माळवाली वर ठेवली आणि बिनमाळाची खाली. वाढल्यावर पेटीत सोडली.”

दाजींनी पेनाचं टोपण लावलं. “मग?”

“खालची मधून चालतात, सर. वरची भिंतीने. माळ असो नसो.” त्या भरभर बोलायला लागल्या. “वरच्या फळीच्या डोक्यावरच दिवा आहे. दिवसभर उजेड अंगावर. बाजूला हवा खेचायचा पंखा, त्याची घरघर. तिथे वाढलेला कुठलाही उंदीर भित्राच होणार.”

“परत बदलून बघ.”

“बघितलं. दोनदा.”

“वर कुणी ठेवायला सांगितले होते?”

कात्रीवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शेजारचं पुस्तक उघडलं. ते उलटं होतं.

“तुम्हीच, सर. तुमचे गुडघे...”

एरवी माझ्या ग्रंथालयात एवढी शांतता कधी नसायची.

“कांद्याला सांगितलंस?”

“नाही. आधी तुम्हाला.”

“उद्यापर्यंत कुणाला सांगू नकोस,” दाजी म्हणाले. कात्रीवाल्यांची पुढची नेमणूक त्यांच्या सहीवर होती, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांपैकी कुणीही ते बोललं नाही. त्या गेल्या.

त्या दिवशी दाजी माझ्याबरोबर उजेड असतानाच घरी आले. ताई टेबलाशी कापड कापत होती. तिने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“काय झालं? कुणी गेलं का?”

“कुणी नाही गेलं,” मी म्हणालो.

“मग हे आत्ता कसे?”

दाजी बसायला जागा शोधत होते. खुर्च्यांवर गणवेशांच्या चळती होत्या. शेवटी ते भिंतीला टेकून उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “अगं, एक विचारू? मी इतकी वर्षं घरात नव्हतो. तुला काय कमी पडलं?”

“खरं सांगू, की बरं वाटेल असं?”

“खरं.”

ताईने कात्री खाली ठेवली. ती मनापासून विचार करत होती; मी तिला ओळखतो. “वरच्या फळीवरचे डबे,” ती म्हणाली. “माझा हात पुरायचा नाही. मग मी स्टूल आणलं.”

“अजून?”

“पोरगी लहानपणी तापली की वाटायचं, आणखी कुणीतरी जागं हवं होतं. तुम्हाला फोन लावायची. तुमच्याकडे कुणीतरी सांगायचं, सर उंदरांपाशी आहेत. मग तिचा ताप आपोआप उतरायचा. असं चार-पाचदा झालं. मग वाटायचं बंद झालं.”

“बास?”

“अहो, आठवतेय ना.” तिने कपाळाला हात लावला. प्रयत्न करत होती बिचारी. “नाही बाई. तेवढंच.”

“मग मला ठेवलंस कशाला?”

“ठेवलं म्हणजे?” ताई हसली. तिच्या हसण्यात खरंच काही वाईट नव्हतं, तेच वाईट होतं. “तुमचा त्रास काय होता? तुम्ही असायचातच कुठे?”

दाजींनी हे कारण आधी कुठे ऐकलं होतं ते त्यांना आठवलं असावं. चहाच्या यंत्रासमोर. जिन्याखालचं कपाट. ताईने कात्री उचलली, आणि कापड कापल्याचा तो करकर आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत संचालकबाई, वार्ताहर, कांदेसाहेब. कात्रीवाल्या दाराजवळ उभ्या, पळून जायची सोय ठेवून. ताई नव्हती, शाळा उघडायच्या तोंडावर ती देवालाही भेटली नसती.

दाजी उठले. मला वाटलं, ठरलेलं भाषण करतील. कुणी अडवणार नव्हतं. कात्रीवाल्यांना नेमणूक हवी होती, संचालकबाईंना फलक हवा होता, आणि मला घरी शांतता हवी होती. पण त्यांनी पडद्यावर पेटीचं चित्र लावलं आणि एका सुरात सगळं सांगितलं. वरची फळी, दिवा, पंखा. गुडघे. फळ्यांची अदलाबदल कुणी केली तेही, कात्रीवाल्यांकडे हात करून. मग म्हणाले, “माळाचं काम मला सापडलं नाही. बहुधा ते नाही. त्यावरून नकला निघतात हे खरं, पण जे बोलतं त्याला काही सांगायचं असतंच असं नाही. मला ते असावंसं वाटत होतं, कारण त्यात माझी वर्षं होती. उंदराचं काहीच अडलं नाही. अडलं ते माझं.”

एवढं बोलून ते बसले.

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. निरोपाच्या व्याख्यानाला जशा पडतात तशाच, तेवढाच वेळ. एक वार्ताहर डोळे पुसत होता, जांभईमुळे. मग संचालकबाई आभार मानायला उठल्या आणि त्यांनी टाइप करून आणलेला कागद वाचला. “माळ जीवमात्राला धैर्य देतो, हे सिद्ध करून सरांनी संस्थेचं नाव उज्ज्वल केलं आहे.” पुन्हा टाळ्या. छाती काढलेल्या उंदराचं चित्र दाजींच्या हातात देण्यात आलं. दाजींनी ध्वनिक्षेपकाकडे हात नेला. बाईंना वाटलं त्यांना भरून आलं आहे. त्यांनी तो हात प्रेमाने आपल्या हातात घेतला आणि छायाचित्र काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच छायाचित्र छापून आलं. खाली मथळा: ‘माळाचं गुपित उलगडलं’.

दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा खरं कारण सांगितलं, आणि त्याने कुठे काही हललं नाही. भाषणातून ती दहा वाक्यं कापून काढली असती तरी सभागृह असंच चहाला गेलं असतं.

बाहेर कांदेसाहेब दाजींपाशी आले. मला वाटलं आता चिडवणार. ते नुसते उभे राहिले.

“जिंकलो म्हणून नाचायचं ठरवून आलो होतो,” ते म्हणाले. “पण मी जिंकलो हे कुणी ऐकलंच नाही.”

“मी सांगितलं ना.”

“तू सांगितलंस. तेवढ्याने काय होतं, गाढवा?” मग जरा थांबून, “उद्यापासून मी चहा कुणाबरोबर घेऊ?”

“कांद्याबरोबर घे,” दाजी म्हणाले. दोघंही हसले नाहीत.

कात्रीवाल्यांच्या नेमणुकीवर दाजींनी जाण्याआधी सही केली होती. संचालकबाईंनी ती परत पाठवली. शेरा फार तर्कशुद्ध होता: माळाचं कार्य सापडलेलं असल्याने ते शोधण्यासाठी पद चालू ठेवण्याचं कारण उरलेलं नाही. त्याच कारणाने उंदीरही उरले नाहीत. दोन्ही फळ्यांवरचे एकाच दिवशी, नियमाप्रमाणे. फलक मात्र अजून आहे. ऊन-पावसाने उंदराचं तोंड पुसट झालंय, छाती शाबूत आहे.

मी परवा ताईकडे गेलो होतो. दाजी आता दिवसभर घरी असतात. शाळा उघडायच्या होत्या. टेबलावर कापडाचे ढीग, वर तो दिवा, आणि दोन शिवणयंत्रं एकदम घरघरत होती. ताईने मदतीला एक बाई ठेवली आहे. दाजींना पाणी हवं होतं. ते खुर्चीवरून उठले, टेबलाकडे बघितलं, आणि भिंतीला खांदा घासत, कडेकडेने, कपाटाला वळसा घालून स्वयंपाकघराकडे गेले. तसेच परत आले. मधून, टेबलालगत, सरळ वाट होती.

“बघितलंस?” ताई हळूच म्हणाली. “हल्ली असेच चालतात. काय झालंय रे यांना? यांच्या घराण्यात आहे का असं काही?”

“घराण्यात काही नाही,” मी म्हणालो. “तुझा दिवा फार आहे.”

ताईने वर दिव्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, ती तो मंद करेल.

“दिव्याशिवाय माझं काम कसं होणार?” ती म्हणाली, आणि मान न वळवता हाक मारली, “अहो, त्रास होत असेल तर आतल्या खोलीत बसा.”

दाजी उठले. भिंतीने गेले.